डोंगरावरचा घास

आई कोरियाला आली ती पाहुणी म्हणून नव्हे, पंच म्हणून. शाळेत इंग्रजी शिकवायचा माझा करार संपत आला होता, मला आणखी वर्षभर राहायचं होतं, आणि वडगावात आप्पांनी जाहीर केलं होतं की आई बघून येईल, ती म्हणेल तसं. ती नाही म्हणाली असती तर मी गपगुमान बॅग भरणार होते. आमच्या घरात माग आप्पा चालवतात, पण निकाल आई देते.

तिला खूश करायला मी जंग जंग पछाडलं. शाळा दाखवली. पोरांनी कमरेत वाकून नमस्कार केला, तर हिनं एकेकाच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. बाजारात नेलं, समुद्रावर नेलं. बसमध्ये कुणी चकार शब्द बोलेना तेव्हा हळूच विचारलं तिनं, कुणी मेलंय का गं. बाकी मनातलं काही कळू देईना. मला तर तिचा रागच यायला लागला होता.

सोमवारी सुट्टी होती म्हणून डोंगरावर गेलो. इथं सुट्टी मिळाली की म्हातारीकोतारी माणसंसुद्धा काठ्या घेऊन डोंगर चढतात. आई आमच्याच मागावरच्या साडीवर माझे बूट आणि माझं जॅकेट घालून निघाली, आणि वर माझ्याच पुढं चालत होती. तिचा सोमवारचा उपवास. माझ्यासाठी भाकरी-ठेचा, तिच्यासाठी केळी.

वर एका सपाट दगडावर चारपाच आज्ज्या डबे उघडून बसल्या होत्या. आम्हाला बघताच त्यांनी सरकून जागा केली. त्यांच्यातल्या थोरल्या आज्जीनं एका हिरव्या पानात भात घेतला, त्यावर सोयाबीनचं वाटण घातलं, गुंडाळी केली आणि थेट आईच्या तोंडासमोर धरली. इथं माया करतात ती अशी, आपल्या हातानं भरवून. मी घाईघाईनं माझ्या मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये सांगितलं की आई आज देवासाठी जेवत नाही. आज्जीनं नीट ऐकून घेतलं, चुकचुकली, गुंडाळी सोडली, तिच्यात आणखी भात भरला आणि पुन्हा पुढं केली.

तापानं फणफणली तरी आईनं कधी सोमवार मोडला नव्हता. आता हा मोडला की गेलंच माझं वर्ष. आई माझ्याकडं बघेना. ती आज्जीच्या हाताकडं बघत होती. मग तिनं पदर सावरला, आ केला आणि अख्खा घास तोंडात घेतला. गाल टम्म फुगले, चावता येईना, आणि सगळ्या आज्ज्या टाळ्या पिटायला लागल्या.

गिळून झाल्यावर तिनं माझा डबा ओढला, भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चांगला ठेचा थापला आणि आज्जीला भरवला. मी कपाळाला हात लावला. आज्जीच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, आणि तिनं पुन्हा आ केला.

संध्याकाळी घरी आलो तर आप्पांचा फोन. तिकडं भर दुपार, तरी बोलता यावं म्हणून त्यांनी माग बंद ठेवला होता, म्हणजे प्रकरण गंभीर. उपवास नीट झाला का, असं त्यांनी आधी विचारलं. व्हय, झाला की, म्हणाली आई. पापणीसुद्धा हलली नाही तिची. मग तिनं निकाल दिला.

"राहू द्या तिला अजून एक वरीस. हितं कोण उपाशी ठेवत न्हाय."

मला हवं तेच मिळालं होतं. उड्या मारायच्या सोडून मला रडूच कोसळलं. आईनं 'चल घरी' म्हणावं असं मनात कुठंतरी मलाही वाटत होतं, हे तेव्हा कळलं. आईनं फोन ठेवला आणि पदरानं माझं तोंड पुसलं.

"मला काय सोपं गेलं व्हय गं?" असं म्हणून ती भाताला आधण ठेवायला उठली.