गुडमारीचा वेल आणि आप्पांचा पाय

आमच्या घरात वस्तू ठेवल्या जात नसत, आपटल्या जात. तांब्या, परात, डबे, सगळ्यांना पोचे. आप्पा रागीट आणि मी त्यांची मुलगी; खाण तशी माती. आई दोघांना शिव्या घालत भाकरी थापायची.

बेळगावातल्या वडगावच्या आमच्या गल्लीत घरोघरी पॉवरलूम खडखडू लागले तरी आप्पांनी हातमाग सोडला नाही. मागाखाली खड्डा. त्यात पाय सोडून काठावर बसायचं, पायांनी खालच्या पावड्या आळीपाळीनं दाबायच्या, दोरीला हिसका दिला की आडवा धागा घेऊन धोटा सुतातून पळतो. "हातमाग म्हणत्यात," आप्पा म्हणायचे, "पण इणतोय पाय. पाय गेला की माग गेला." दुसरं काही काम त्यांना येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

बसून बसून पोट इतकं सुटलं की ते मागाच्या लाकडाला टेकायला लागलं. मागोमाग साखर आली. मी टिळकवाडीत एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, त्यामुळे ती बातमी पहिल्यांदा माझ्याच हातात पडली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, वजन उतरवा म्हणाले, पायाला जखम होऊ देऊ नका म्हणून दोनदा बजावलं. आप्पांच्या डोक्यात त्यातलं एवढंच राहिलं, की डॉक्टरनं आपल्याला जाडा म्हटलं.

मग खानापूरकडची आत्या आली आणि येताना गुडमारीचा वेल घेऊन आली. परसात कुंपणाला लावून दिला. रोज दोन पानं चावायची, पोट उतरतं, साखर मरते, असं तिचं म्हणणं. मी लॅबमधल्या डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, पाला अगदीच टाकाऊ नाही, त्यावर अभ्यास चालू आहेत; पण गोळीच्या जागी चालणार नाही, आणि गोळीसोबत घ्यायचा असेल तर विचारून घ्या, साखर एकदम खाली यायची. मी घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला.

"बरं," आप्पा म्हणाले.

आप्पा बरं म्हणाले म्हणजे त्यांनी ऐकलं नाही, हे मी जन्मभर पाहिलेलं. तरी विसरले.

एका रविवारी दुपारी चहा घेऊन मागाच्या खोलीत गेले, तर आप्पांच्या मांडीवर खव्याच्या कुंद्याचं खोकं. अर्धं संपलेलं. मला वाटलं, दचकतील. तर छे! मलाच शेजारी बसवलं.

"आदी हे चाव."

गुडमारीचं पान होतं. कडवट, तुरट. चावून गिळलं. मग त्यांनी कुंद्याचा गोळा माझ्या तोंडात घातला. मी बेळगावची पोर, कुंद्यावर वाढलेली. आणि तोंडात नुसता ओल्या मातीचा लगदा. त्यांनी चिमूटभर साखर दिली. वाळू.

"लागतंय गोड?"

"न्हाय."

"मग? गोडच न्हाय तर साखर कुठली? तोंडातच मेली ती. रगतात काय तिचं भूत जाणार?"

ते जिंकल्यासारखे हसत होते.

"आप्पा, गोळ्या कुठं हाईत?"

त्यांनी हनुवटीनं कोपरा दाखवला. सुताच्या कांड्यांच्या टोपलीत, कांड्यांखाली, चार महिन्यांची पाकिटं. एकही फोडलेलं नव्हतं. मी मेली जीव तोडून सांगत होते, बजावत होते, आणि हा माणूस पानं चावून खोक्यांवर खोकी कुंदा रिचवत होता.

मी परसात गेले, कोयता उचलला आणि वेलावर तुटून पडले. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे मला तेव्हाही कळत होतं. वेलानं कुणाला काही वचन दिलं नव्हतं. तो फक्त जिभेपुरतं बोलला होता, घटकाभर गोडाची चव मारण्यापुरतं. पण त्या घडीला मला कशाला तरी मारायचं होतं. बुंध्यावर घाव घातले, कुंपणाच्या काठ्या मोडल्या, पानांचा चेंदा केला.

आप्पांनी मागून येऊन माझी वेणी धरली. तशीच फरफटत खोलीत आणली.

"माझं औषद तोडतीस? बापाच्या जिवावर उठलीस व्हय गं?"

"मर मग!" मी ओरडले. "खा ते नि मर!"

त्यांना मी कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्यांनी मागावरचा धोटा उचलून हाणला. त्याचं लोखंडी टोक डाव्या भुवईवर बसलं, डोळ्यात रक्त उतरलं. मला दिसलं ते त्यांचं पोट आणि छाती. दोन्ही तळहात लावून मी सगळ्या ताकदीनं ढकललं. ते मागच्या मागं खड्ड्यात गेले आणि खाली पावडी मोडल्याचा आवाज आला.

आई धावत आली. "मारून टाका येकमेकाला. सुटले मी!" असं किंचाळत तिनं त्यांना बाहेर ओढलं. आप्पा उठले, धोतर झटकलं, "काय झालं न्हाय," म्हणाले आणि संध्याकाळी मोडकी पावडी बांधून कामाला बसले. माझ्या भुवईला चार टाके पडले. दवाखान्यात विचारलं तेव्हा मी दारावर आपटले म्हणून सांगितलं.

सकाळी आई फरशी पुसायला गेली, तर मागापासून अंथरुणापर्यंत एकाच पायाचे तांबूस ठसे. पावडीचा खिळा उजव्या अंगठ्याखाली घुसून निघाला होता आणि आप्पांना पत्ताच नव्हता. साखरेनं पायाची जाणीवच मेली होती. अशी पावलं मी लॅबमध्ये येताना पाहिली आहेत, आणि तीच माणसं पुन्हा आली तेव्हा पाऊल नसलेलीही पाहिली आहेत.

"दुखत न्हाय म्हंजे बरं हाय," आप्पा म्हणाले. गोड लागत नाही म्हणजे साखर नाही, त्यातलाच हा हिशेब. मी हात जोडले, शिव्या दिल्या, आईनं जेवण सोडलं. आठव्या दिवशी ताप चढला आणि खोलीत घाण वास सुटला, तेव्हा कुठे ते रिक्षात बसले. आधी अंगठा गेला. मग उजवं पाऊल निम्म्यावर कापलं.

"जखम कशी झाली?" डॉक्टरांनी विचारलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, पट्टी लावलेली भुवई घेऊन.

"मागात पाय घसरला," आप्पा म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर इन्सुलिन मीच टोचायची. ते पोट पुढं करायचे, मी सुई लावायची. पोट उतरत चाललं होतं. परसात तोडलेल्या बुंध्याला नवी पानं फुटली. मी त्यांना हात लावला नाही. मागावर निम्मी विणलेली साडी तशीच ताणलेली, तिच्यावर धूळ बसायला लागलेली.

एका सकाळी त्यांनी हाक मारली. ते मागावर जाऊन बसले होते, काठी शेजारी आडवी.

"हितं बस. पाय सोड खाली. मी सांगीन तसं दाबायचं."

मी त्यांना चिकटून काठावर बसले. त्यांचा डावा पाय आणि पट्टीचा उजवा खड्ड्यात लोंबत होते, त्यांच्या बाजूला माझे दोन. "डावा," ते म्हणाले. दोरीला हिसका. "उजवा." हिसका. वीतभर विणून झालं असेल नसेल, माझा पाय चुकला आणि धोटा सुतात अडकला, चार-पाच धागे तुटले. त्यांनी शिवी हासडून धोटा हातानं ओढून काढला आणि तो हात तसाच माझ्यावर उगारला.

मी मान वळवली नाही. हात वरच राहिला. ते माझी भुवई बघत होते.

"मुद्दाम ढकललीस?"

"व्हय," मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं.

त्यांनी हात खाली घेतला. धोटा जागेवर ठेवला, तुटलेले धागे शोधून एकेक गाठ मारली.

"मीबी मुद्दामच हाणलं हुतं," ते म्हणाले. "दाब. उजवा."