मॅनेजरची चौकशी

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मामाने मुलाकडच्यांनी चौकशीसाठी दिलेली नावं बाजूला ठेवली आणि सरळ त्यांच्या वाण्याकडे जाऊन बसला. ज्यांची नावं दिली जातात ते चांगलंच बोलणार, असं त्याचं म्हणणं. माझा स्वभाव मामावर गेलाय.

डब्लिनमधल्या आमच्या मुलांच्या बेसबॉल टीमला नवा मॅनेजर हवा होता आणि निवड करणाऱ्या पालकांत मी होते. कोण खेळणार, चेंडू कोण टाकणार, त्याला कधी थांबवायचं, हे सगळं मॅनेजरच्या हातात. माझी मुलगी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. जुन्या मॅनेजरने जिंकण्याच्या नादात तिच्याकडून इतकं टाकून घेतलं की तिचं कोपर सुजलं. हिवाळाभर विश्रांती झाली आणि आता अजिबात दुखत नाही, असं ती सांगत होती. नव्या माणसाने ते कोपर पुन्हा बिघडवू नये, एवढंच मला हवं होतं.

पहिला उमेदवार सतत जिंकत आलेला. बाकीचे पालक भाळले. पण जिंकला तो हा, की त्याला आयती मिळालेली चांगली मुलं? त्याने दिलेल्या नंबरांवर फोन केले तर सगळ्यांनी एकाच सुरात कौतुक केलं. तेव्हाच मला वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

शनिवारी मी त्याच्या टीमची मॅच बघायला गेले. एक मुलगा पूर्ण वेळ बाकावर बसून होता. त्याच्या आईशेजारी जाऊन बसले, चिवड्याचा डबा पुढे केला आणि मॅनेजर कसा आहे म्हणून विचारलं.

"फारच हुशार," ती म्हणाली. "गेल्या वर्षी आम्ही सगळं जिंकलो. माझा मुलगाच पिचर होता. आता तो केससुद्धा डाव्या हाताने विंचरतो."

पहिल्याच्या नावावर मी तिथेच काट मारली.

दुसरा उमेदवार जिंकण्यापेक्षा हरलेला जास्त, आणि बोलायला कमी. असा माणूस एकतर भला असतो, नाहीतर पोचलेला. त्याला घरी चहापोह्यांना बोलावलं. घरात आलेला माणूस फार वेळ सोंग आणू शकत नाही, हेही मामाचंच.

मुलगी पोह्यांची डिश घेऊन आली आणि डाव्या हाताने त्याच्यापुढे धरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, पाहुण्यांना डाव्या हाताने काय देतेस? उजव्या हाताने दे."

तिने हात बदलला. डिश कलली आणि पोहे टेबलावर सांडले. मी त्याची माफी मागत पुसायला धावले. त्याचं पोह्यांकडे लक्षच नव्हतं.

"हात पूर्ण सरळ करून दाखव," तो तिला म्हणाला.

"इट्स फाइन."

"दाखव."

कोपर सरळ होईना. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

तो माझ्याकडे वळला. "डॉक्टर हो म्हणेपर्यंत ही माझ्या टीममध्ये चेंडू टाकणार नाही. हे चालणार नसेल तर दुसऱ्या कुणाला घ्या."

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हा माझ्यावर छाप पाडायला बोलतोय. मग मी मुलीकडे पाहिलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"यू वुड हॅव स्टॉप्ड मी, आई."

मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. चिवड्याचा डबा घेऊन मी परक्यांच्या मुलांची चौकशी करत फिरत होते. घरात ही किती दिवस डाव्या हाताने जेवण वाढून घेत होती, मला आठवेना. आठवली ती फक्त मी दिलेली बोलणी.

मी त्याला मत दिलं. इतरांनी कुरकुर करत का होईना, मान्य केलं. घरी येऊन मुलीला सांगितलं. ती उठून खोलीत गेली आणि धाडकन दार आपटलं. डाव्या हाताने.