उठत्या बाजाराची तिकिटं

सामन्याच्या दिवशी सकाळी पुण्याची गाडी कुर्डुवाडीला थांबली असताना मी पुनर्विक्रीची दोन तिकिटं घेतली. तीन आठवड्यांतला तो सर्वांत कमी भाव होता.

विश्वचषकातला भारताचा एक सामना पुण्यात होता. मूळ तिकिटं विक्री सुरू होताच संपली. ज्यांना मिळाली त्यांतले काही जण ती मोबाइलवर चढ्या भावानं विकू लागले. मला दोन हवी होती. एक मला, एक अप्पांना.

अप्पा म्हणजे माझे वडील. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. सामना असला की कोणीतरी टपरीवर रेडिओ ऐकून यायचा आणि दारातून बोटांनी धावा दाखवायचा. पहिला माग दुसऱ्याला दाखवी, दुसरा तिसऱ्याला. अप्पांनी कितीतरी सामने असे बोटांवर पाहिले. मैदानावर एकही नाही.

मधुमेहानं त्यांचा उजवा डोळा आधीच गेला होता. तिकिटं संपली त्याच आठवड्यात डॉक्टरांनी डावा तपासला. दहा-पंधरा पावलांवरचं दिसेल, त्यापुढचं धूसर, असं ते म्हणाले. डोळ्याच्या पडद्यात पुन्हा रक्तस्राव झाला तर तेवढंही राहील असं नाही. काही बघायचं असेल तर बघून घ्या.

घरी आल्यावर अप्पा म्हणाले, "मग मॅच बघू की."

त्या संध्याकाळी कुंपणाच्या जाळीपासून तिसऱ्या रांगेतल्या दोन जागा विक्रीला होत्या. सीमारेषेवरचा खेळाडू तिथून दहा-पंधरा पावलांवर आला असता. भाव मूळ किमतीच्या तिप्पट होता. मला तो परवडत होता. मी अप्पांना विचारलं.

"येडा हाय का? थांब की जरा. मॅचच्या दिवशी इकणारेच पाय धरत्याल. बाजार उठायला लागला की कोथिंबीर ढिगानं देत्यात."

आई आतून म्हणाली, "व्हय, देत्यात की. पिवळी! जल्मभर ह्यांनी उठत्या बाजाराची भाजी आणली आन् आमी निवडत बसलो."

"खाल्लीस का न्हाय पन?"

"खाल्ली. दुसरं काय व्हतं घरात?"

आई सोडून सगळे हसलो. मी थांबायचं ठरवलं.

मी वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करतो. आकडा हाती आला की तो दोनदा तपासायचा, ही सवय आहे. रोज सकाळी आणि संध्याकाळी मी भाव लिहून ठेवू लागलो. पहिल्या आठवड्यात तो चढला, दुसऱ्यात स्थिरावला, तिसऱ्यात उतरू लागला. अप्पांचा अंदाज बरोबर ठरत होता. माझ्या कागदावर तारखेचा रकाना होता, भावाचा होता. रांगेचा नव्हता. तिसऱ्या रांगेतल्या जागा केव्हा गेल्या, हे मला सांगता येत नाही.

आदल्या दिवशी ठरलं की गाडीत बसायचं. कुर्डुवाडीपर्यंत भाव मूळ किमतीवर आला तर पुढे जायचं, नाहीतर तिथून परत फिरायचं. कुर्डुवाडीला तो मूळ किमतीच्याही खाली होता. मी पैसे भरले. मग जागा पाहिली. सर्वांत वरचा मजला, शेवटून दुसरी रांग. खालच्या मजल्यावर काहीही शिल्लक नव्हतं.

"मिळाली का रं?" अप्पांनी विचारलं.

"मिळाली."

"बघ. सांगितलं व्हतं की न्हाय?"

दुपारी मी त्यांचा हात धरून पायऱ्या चढलो. मध्ये चार वेळा थांबावं लागलं. जागेवर बसल्यावर त्यांनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, पुन्हा लावला. हिरवं दिसतंय, म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "आपली बॅटिंग हाय का त्यांची?"

"त्यांची."

पुढे लोक उठून ओरडू लागले. माझं बोलणं त्यांना ऐकू जाईना. मी एक बोट वर केलं, म्हणजे विकेट. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात स्वतःच्या तोंडाजवळ ओढला.

"लांब धरू नको की."

त्यानंतर मी प्रत्येक वेळी हात त्यांच्या चष्म्यापुढे धरला. चौकाराला चार बोटं, षटकाराला दोन्ही हातांची मिळून सहा. शेजारच्या माणसानं एकदा वळून पाहिलं. आपल्या फलंदाजीत पंधरा षटकं झाल्यावर अप्पा म्हणाले, "भाव बराच उतरला व्हता न्हवं?"

"हो अप्पा. बराच."

"मग झालं."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. मैदानाकडेही नाही. सामना संपायच्या आधीच आम्ही निघालो.

सामन्यानंतर अकराव्या दिवशी पुढची तपासणी झाली. अहवालात डाव्या डोळ्यापुढे लिहिलं आहे: बोटं मोजता येतात, एक फुटावरून.