एप्रिलातला स्वेटर

खोपोलीच्या शिळफाट्यावर एअरपोर्टची टॅक्सी येऊन थांबली आणि मी पासपोर्ट शोधत होतो. तो आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या हातात होता; मघापासून ते तो माझ्यापुढे धरून उभे होते. निरोपाला अख्खी आळी जमलेली, त्यामुळे बावळटपणाला साक्षीदार भरपूर. आण्णा एवढंच म्हणाले, "दर रविवारी फोन कर. हितलं सगळं आमी सांगत जाऊ."

कॅनडात माझ्या वाट्याला आलं एक बेसमेंट, वेअरहाउसमधली शिफ्ट आणि पी.आर.च्या, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवानगीच्या, कागदांची वाट पाहणं. रविवारी व्हिडिओ कॉल. मोबाइल धरायला शेजारच्या सुमनकाकी, मागं चार डोकी. एप्रिलात एकदा आण्णा फुल बाह्यांचा स्वेटर घालून बसलेले. मी म्हणालो, "झकास. पण कानटोपी कुठंय?" खोपोलीत एप्रिलात माणूस बनियनवर बसतो, हे मी बर्फ उपसून उपसून विसरलो होतो. काकी हसल्या, आई हसली, मागची डोकीही हसली. मला वाटलं, विनोद जमला.

जूनमध्ये आण्णा गेले. मी पोचलो तिसऱ्या दिवशी. अग्नी चुलतभावानं दिला होता. आमच्या घरात चूल पेटणार नव्हती, पण कुणाच्या भाकऱ्या, कुणाचं पिठलं, न सांगता दारात येत होतं. समोरच्यांकडे साखरपुडा होता, त्यांनी बँजोवाल्यांना परत पाठवलं. उशीर का झाला, असं मला कुणी विचारलं नाही.

दहाव्याला नदीवर माझं डोकं करता करता आमचा न्हावी सहज बोलला, "चार महिने सलाइनवर लय सोसलं आन्नांनी. तुमचा फोन यायच्या आधी दर रविवारी मीच घरी जाऊन दाढी करायचो."

तेव्हा तो स्वेटर मला कळला. सलाइन लावून लावून काळेनिळे झालेले हात होते त्यात.

भटजींना पिंडांपाशी सोडून मी अर्ध्या डोक्यानं घराकडं धावलो. एरवी या आळीनं हे सोंग वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. दारातल्या बायका पदर सावरून बाजूला झाल्या. त्या सांभाळून घेण्यानं मी आणखीच पेटलो. इतकं सांभाळता येतं, मग एकालाही खरं सांगता आलं नाही?

"काकी, तुमीपण?"

"त्यांनीच शपथ घातली रं. कागदं व्हायची हायेत त्याची, मधीच बोलवू नका म्हनले."

"आणि माझा बाप बघायचा राहिला, त्याचं काय?"

आई म्हणाली, "आधी जा, डोकं पुरं करून ये. मंग भांड."

गेलो. परत आलो तर भांडायला त्राण नव्हतं.

कागद ऑगस्टात झाले. आळीकरांनो, तुमच्या भाकऱ्या मी विसरणार नाही, आणि ते चार महिनेही. इथं कॅनडात कुणी गावचा भेटला की सांगतो, घर आहे अजून, माणसं जीव लावतात, फक्त त्यांच्या शब्दावर जाऊ नकोस. रविवारी आई म्हणते, "सगळं बरं हाय." मी बरं म्हणतो. फोन ठेवतो, आणि न्हाव्याला लावतो.