आईच्या तोंडचा परमेश्वर

उदगीरच्या बसस्थानकावर नांदेडची गाडी लागली होती आणि आई माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत होती. मोठ्याने. आमच्याकडे माणूस प्रवासाला निघालं की प्रार्थना उंबऱ्यातच उरकते. त्या दिवशी उंबऱ्यातली झाली होती, पण आईचं समाधान झालेलं नव्हतं. "हे देवा, आमच्या बापा, परमेश्वरा, माझी मार्था परक्या गावात चालली..." शेजारी पोत्यांवर बसलेल्या दोन बायकांनी हात जोडले. त्या आमच्यातल्या नव्हत्या. शब्द ओळखीचे होते म्हणून जोडले असावेत.

कंडक्टर दारातून वाकला. "मावशे, आटपलं का? का डेपोसाठी बी मागून राहिलीस?"

आईने डोळे उघडले नाहीत. "आमेन तर म्हनू दे, बाबा."

आमेन झालं. पप्पांनी खिडकीतून पिशवी दिली. ते रेल्वेत होते, निरोप देण्याघेण्याचं त्यांना कौतुक नव्हतं. "उगं कुनाशी वाद घालत बसू नको," एवढंच म्हणाले. गाडी हलली. नांदेडच्या एका दैनिकात उपसंपादकाची नोकरी मिळाली होती. मी परत राहायला उदगीरला गेले नाही.

तिथे राहिलेल्या आमच्या मंडळीतल्या लोकांसाठी हे लिहिते आहे. मंडळी म्हणजे चर्चला येणारा आमचा समाज. पुण्याला, हैदराबादला, आखातात गेलेल्यांनीही वाचावं. तुमच्याही आया मागे राहिल्या आहेत आणि त्यांच्या प्रार्थनेत कोण लुडबुड करतं आहे हे तुम्हाला माहीत असेलच असं नाही.

आमच्या घरात देवाला एक नाव कधीच नव्हतं. आजोबा निजामाच्या काळात दखनी बोलणाऱ्या उपदेशकाकडून शिकले, म्हणून ते शेवटपर्यंत 'खुदावंद' म्हणत. बिदरकडून लग्न होऊन आलेली काकू कानडीत 'देवरे' म्हणे. देगलूरचे पाहुणे नाताळला आले की तेलुगूत 'प्रभुवा' सुरू होई. पप्पा 'प्रभू' म्हणत. आईचे तीन शब्द होते: देवा, बापा, परमेश्वरा. याच क्रमाने. एका सतरंजीवर इतकी नावं घेतली जात आणि हे वेगवेगळे देव आहेत असं कुणाच्या मनातही येत नसे.

नांदेडला डेस्कवर पहिल्या नाताळात पुरवणी माझ्याकडे आली. ती प्रथा होती. ख्रिस्ती माणूस मिळाला की नाताळ त्याच्या टेबलावर. मुख्य उपसंपादक लोह्याकडचे, शेतीवाडीवाले, बोलायला फटकळ. त्यांनी माझी कॉपी वाचली आणि विचारलं, "दुसऱ्या उल्लेखाला नुसतं आडनाव घ्यायचं असतं. 'ख्रिस्त' का नाही केलंस?"

"ते आडनाव नाही सर. पद आहे. ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त, तेल ओतून नेमलेला."

"आणि येशू?"

"ते नाव. अर्थ, परमेश्वर तारण करतो."

"मग परमेश्वर आमचा, प्रभू आमचा, देव आमचा. तुमचं स्वतःचं काही हाय का नाही?"

"शब्द सातबाऱ्यावर चढवलाय का सर तुमच्या?"

डेस्क हसलं. तेही हसले आणि पान छपाईला सोडलं. पण दर नाताळात कुणीतरी हा विनोद नव्याने करायचं, आणि करणाऱ्याच्या आवाजातली गंमत वर्षागणिक कमी होत गेली. परमेश्वर हा शब्द तुमचा नाही. तुम्ही तो उचललेला आहे. हे मी नांदेडमध्ये ऐकत आले. तेच वाक्य उदगीरमध्ये, आमच्याच माणसाच्या तोंडून, आईला ऐकावं लागेल याची मला कल्पना नव्हती.

पप्पा गेल्यानंतर माझा धाकटा भाऊ शमुवेल दारूला लागला होता. निलंग्याच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये एक नवी फेलोशिप, म्हणजे जुन्या चर्चबाहेरची प्रार्थनासभा, सुरू झाली, तिथे तो जाऊ लागला आणि त्याची दारू सुटली. ही वस्तुस्थिती आहे आणि ती मी नोंदवते. जुन्या मंडळीला ते जमलं नव्हतं, मलाही नाही. शमुवेल शेडमध्ये कीबोर्ड वाजवू लागला. सून, नात एस्तेर आणि आई त्याच्यामागे गेल्या. ज्याने मुलगा परत दिला त्याच्या शेडमध्ये जायला आईला कसली हरकत असणार?

तिथला पास्टर तरुण होता, हैदराबादहून थोडं शिक्षण घेऊन आलेला. त्याने एक रविवार केवळ नावावर घेतला. परमेश्वर हे मूर्तींना दिलेलं नाव आहे, देव हेही तसंच. खऱ्या देवाने स्वतःचं नाव सांगितलं आहे, यहोवा. दुसऱ्या नावाने केलेली प्रार्थना दुसऱ्याकडेच जाते.

आई दर रविवारी संध्याकाळी मला फोन करायची आणि शेवटी फोनवरच प्रार्थना करायची. मी इकडून आमेन म्हटलं की फोन बंद. एका रविवारी ती "बरं, ठेवते" म्हणाली आणि ठेवला. पुढच्या रविवारीही तसंच. मी विचारलं, तर म्हणाली, "घसा बसलाय." त्यानंतरच्या रविवारी मी उदगीरला गेले.

घसा ठणठणीत होता. काय घडलं ते वहिनीने, शमुवेलच्या बायकोने, भाकरी थापताना सांगितलं. बायकांच्या प्रार्थनेत आईची पाळी आली. ती उठली, डोळे मिटले, "हे देवा, आमच्या बापा, परमेश्वरा" म्हणाली. पास्टरने हात वर करून थांबवलं. आई, नाव घ्या. सगळ्या बायका वाट पाहत उभ्या. कुणीतरी मागून "म्हना की मावशी, यहोवा म्हना, त्यात काय" म्हणालं. आईच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा पास्टर पुढे आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या जिभेवर बसलेल्या जुन्या बंधनाला तिथून निघून जाण्याची आज्ञा केली. शमुवेल कीबोर्डवर होता. त्याने सूर धरून ठेवला होता.

आईने पप्पांचं नाव आयुष्यात कधी उच्चारलं नाही. आमच्या गल्लीत सगळ्या जातीधर्मांच्या बायकांची हीच रीत होती. रेशनच्या खिडकीवर कारकून नवऱ्याचं नाव विचारायचा तेव्हा ती मला कोपराने ढोसायची आणि मी सांगायचे. सासऱ्यांचं, दिरांचं, कुणाचंच नाव नाही. ज्याचा मान ठेवायचा त्याला नात्याने हाक मारायची. अशा बाईला सांगितलं गेलं होतं की आकाश आणि पृथ्वी ज्याने केली त्याला नावाने हाक मार.

मी तिला विचारलं, तू म्हणत का नाहीस?

"बापाला नावानं कोन हाक मारतं गं?" ती म्हणाली. "जीभच उचलत न्हाई."

"मग जुनं म्हण."

"ते पोचत न्हाई म्हनतेत."

म्हणजे नवं उद्धट आणि जुनं फुकट. तिने दोन्ही सोडलं होतं. जेवणाआधीचीही प्रार्थना नाही. ताट पुढे आलं की ती खाली बघून जेवायला लागत होती, हॉटेलात जेवल्यासारखी.

दुपारी पास्टर घरी आला. शमुवेलनेच बोलावलं होतं. त्याने मला "प्रेज द लॉर्ड, सिस्टर" म्हटलं. प्रभूचं इंग्रजी नाव त्याला चालत होतं. मी तेच विचारलं.

"इंग्रजांनी तो शब्द मूर्तीला दिलेला न्हाई," तो म्हणाला.

"लॉर्ड तिकडे जमीनदारालाही म्हणतात."

त्यावर त्याने शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. जळत्या झुडपातून देवाने स्वतः सांगितलेलं नाव त्याने मला वाचून दाखवलं. मग मला माहीत होतं ते मी त्याला सांगितलं. ते नाव मुळात चार व्यंजनांत लिहिलेलं आहे. ज्यांचं ते शास्त्र, त्या ज्यू लोकांनीच आदरापोटी ते उच्चारणं सोडलं आणि वाचताना त्या जागी 'प्रभू' अशा अर्थाचा शब्द घेतला. खरा उच्चार काय होता हे आज कुणालाही खात्रीने सांगता येत नाही; 'यहोवा' हा नंतर जुळवलेला उच्चार आहे. आपल्या मराठी शास्त्रात त्या जागी 'परमेश्वर' आलं. आणि येशूने शिष्यांना प्रार्थना शिकवली तेव्हा ते नाव शिकवलं नाही, बाप म्हणायला शिकवलं. माझी आई तेच म्हणते.

पास्टरने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सिस्टर, तुम्ही पेपरवाले. चुकीचं नाव छापलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता की न्हाई?"

"छापतो. पण वाचकाला उभं करून त्याच्या जिभेतली भुतं काढत नाही."

"आई माझी बी हाय," शमुवेल मध्येच बोलला. "तू गेलीस नांदेडला. रविवारी फोन केला की झालं तुझं. हितं तिचं गुडघं कोन चोळतं? मी प्यायचो तवा उलट्या कुनी काढल्या? तुझ्या त्या चार अक्षरांनी?"

"दारू सुटली, चांगलं झालं. त्याची किंमत आईनं का द्यायची?"

"ताई, तू आता जा बरं," तो म्हणाला.

मी गेले, आईला घेऊन. विष्णुपुरीच्या रस्त्याला आमचा फ्लॅट आहे, गॅलरीतून धरणाकडची झाडं दिसतात. आईने लिफ्टमध्ये माझा हात धरला, वर आल्यावर सोडला. नांदेडच्या चर्चमध्ये जुन्या पद्धतीची उपासना होते, परमेश्वर, प्रभू सगळं. मला वाटलं होतं, तिथे तिचं तोंड उघडेल. ती शेवटच्या बाकावर बसायची आणि इतर बायका प्रार्थना करत तेव्हा पुढच्या बाकाच्या लाकडाकडे बघत राहायची.

एके दिवशी मेथी निवडता निवडता तिने विचारलं, "मार्था, तुझ्या बाळंतपनात मी केली होती की गं प्रार्थना. डॉक्टर न्हाई म्हनले होते. ती कुठं गेली मग?"

मी बातमी लिहिते. ज्याला पुरावा नाही ते छापत नाही. शिवाय माझा विश्वास फारसा शिल्लक नाही, हे तिलाही ठाऊक आहे. "पोचली," मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मेथी निवडत राहिली. माझ्या साक्षीला तिच्या लेखी फारशी किंमत नव्हती. त्या पास्टरने मात्र, जेमतेम तिशीच्या पोराने, तिचं सगळं आयुष्य एका वाक्यात निकालात काढलं होतं. मी त्याला माफ केलेलं नाही. इथे माफ केलं असं लिहिणं सोपं होतं, पण ते खोटं ठरेल.

पावसाळा सरता सरता एस्तेर आजारी पडली. डेंग्यू. लातूरला दवाखान्यात हलवली होती. दुपारी शमुवेलचा फोन आला. आई पीठ मळत होती म्हणून मी स्पीकर लावला. प्लेटलेट खाली आल्यात, तो म्हणाला, डॉक्टर काही बोलायला तयार नाहीत.

आईचे हात परातीतच होते. तिने मान वर केली आणि सुरुवात केली. "देवा, बापा, परमेश्वरा, खुदावंदा, लेकरू हाय रे सहा वर्साचं, एस्तेर नाव हाय तिचं..." आजोबांचा शब्द तिने कधी वापरलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी सासऱ्याचाही शब्द तिने ओढून घेतला. बराच वेळ चाललं ते. तिकडे दवाखान्याच्या कॉरिडॉरचा आवाज येत होता. ती थांबली.

"आमेन," शमुवेल म्हणाला.

नाव चुकलं असं त्याने म्हटलं नाही.

एस्तेर बरी झाली. पुढच्या रविवारी शेडमध्ये साक्ष झाली, वहिनीने मला फोनवर सांगितलं. यहोवाच्या नावाने मूल वाचलं, असं पास्टरने जाहीर केलं आणि टाळ्या झाल्या. लातूरच्या डॉक्टरांचा उल्लेख नव्हता. आईचा तर नव्हताच. शमुवेल कीबोर्डवर होता. मी वहिनीला विचारलं, तो काही बोलला का? "त्यांनी खाली मान घातली," ती म्हणाली. तेवढी नोंद मी करते, जास्त नाही.

आई म्हणाली, आता मला घरी सोड. मी विरोध केला. पुन्हा उभं करतील, पुन्हा डोक्यावर हात ठेवतील, मी म्हटलं.

"मी शेडात जात न्हाई," ती म्हणाली. "माझ्या घरात बसते. ज्याला याचं त्यानं यावं. तोंड माझं हाय."

मी तिला गाडीने सोडून आले. शमुवेल दारात होता. तिची पिशवी त्याने घेतली. तो आत गेला, मी परत फिरले.

रविवारचा फोन आता पुन्हा येतो. प्रार्थना लांबली आहे. मी, माझा नवरा, माझी मुलगी, एस्तेर, शमुवेल, वहिनी, डेस्कवरचे लोह्याचे साहेब, त्यांना शुगर आहे हे मी एकदा बोलून गेले होते. घर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर उदगीरचा रस्ता किंवा ती गल्ली माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. जिथे आठवड्यातून एकदा माझं नाव कुणापुढे तरी मोठ्याने घेतलं जातं ती जागा, एवढंच येतं. ऐकणारा आहे की नाही, हे मला माहीत नाही. त्याला काय म्हणायचं ते तिचं तिने ठरवलेलं आहे.

अलीकडे यादीच्या शेवटी ती त्या पास्टरचंही नाव घेते. त्याला अक्कल दे असं म्हणत नाही. त्याला सांभाळ म्हणते, त्याच्या आईचा पोरगा आहे म्हणते. मग थांबते, माझ्या आमेनसाठी.

त्या वाक्याला मी आमेन म्हणत नाही. आई थोडा वेळ वाट बघते आणि फोन ठेवते.