बोंडअळीचे चार डबे

तेलंगणात आमच्या एका जिल्ह्याचे चार झाले, त्याच हिवाळ्यात आदिलाबादला अम्यूझमेंट पार्क आलं. पार्क म्हणजे मोकळ्या मैदानावर एक आकाशपाळणा, लाकडी घोड्यांचं एक चक्र, भज्यांची दोन दुकानं आणि दारावर बल्बांची कमान. पण वर फलक होता अम्यूझमेंट पार्कचा, आणि फलकावर लिहिलेलं खरं मानायची सवय आम्हाला तोवर लागली होती. दसऱ्याला झोपून उठलो तर रस्त्यात जिल्ह्यांच्या हद्दी, आणि हद्दीवर फलक.

पार्कातली सगळ्यात मोठी गोष्ट होती फॅमिली रोलर कोस्टर. उंची आमच्या कचेरीच्या गच्चीएवढी. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी बसावं, कुणाच्या पोटात गोळा येऊ नये, असा त्याचा बेत. हे खेळणं म्हणजे चार डब्यांची एक अळी होती. हसरं तोंड, वर दोन शिंगं, आणि रंग गुलाबी.

मालक लांबचा, हिंदी बोलणारा. त्याला काय ठाऊक? कापसाच्या मुलखात, ऐन वेचणीत, बोंडं पोखरणारी गुलाबी अळी घेऊन येणं म्हणजे उंदरांच्या लग्नात मांजराचा बँड लावणं. तीन दिवस त्या अळीत कोणी बसलं नाही. गर्दी मात्र तोबा. बाजारात कापूस उतरवून माणसं थेट कठड्यापाशी यायची आणि हाताची घडी घालून अळीची तपासणी करायची. एवढी वाढेपर्यंत मालक झोपला होता का, इथपासून हिला कोणता फवारा लागेल, इथपर्यंत चर्चा चाले.

त्या तज्ज्ञांत माझे वडील पुढे. गावी, बाजारहत्नूरला, त्यांनी जन्मभर कापूस केला. आई गेल्यावर जमीन बटईनं देऊन ते आदिलाबादला आमच्याकडे राहायला आले होते, तरी आठवड्यातून एकदा बसनं जाऊन बोंडं फोडून पाहत. माणूस निजामाच्या राज्यात जन्मला, मग हिंदुस्थानात आला, मग आंध्रात गेला, आता तेलंगणात. एवढ्या प्रवासात घराचा उंबरा काही हलला नाही. राज्यंच त्यांच्याकडे येत-जात राहिली. कुणी नवं राज्य, नवा जिल्हा म्हटलं की ते विचारत, पाऊस तोच ना?

माझी सात वर्षांची मुलगी रोज त्या अळीसाठी हट्ट करायची. नियम असा की लहान मुलासोबत मोठं माणूस हवंच. मला पाळण्यात बसलेल्या माणसाकडे बघूनही गरगरतं. बायकोनं अळीच्या पोटात बसायला स्वच्छ नकार दिला. राहिले बाबा. ते म्हणाले, ज्या अळीला जन्मभर चिरडलं, तिच्या पोटात बसून टाळ्या पिटायच्या?

मुलीला घाई होती, कारण पुढच्या आठवड्यात आम्ही मंचेरियालला निघणार होतो. नव्या जिल्ह्याला नवी कचेरी लागते, नव्या कचेरीला कारकून लागतात, आणि मी कारकून. बाबा यायला तयार नव्हते. तिकडे आपली बोली कोण बोलतो, असं म्हणून ते गावी एकट्यानं राहायच्या गोष्टी करत होते. भाकरी येते मला, म्हणत. मी तोंड पाडून घरात सांगितलं होतं, की सरकारनं पाठवलंय, माझ्या हातात काय आहे. खरं सांगायचं तर सगळं माझ्या हातात होतं. पसंतीचा अर्ज मी स्वतः भरला होता, तीन प्रतींत, सुवाच्य अक्षरात. तिकडे बढतीची आशा, मोठा रेल्वेमार्ग, मुलीला बरी शाळा. अर्जाची एक प्रत कपाटात राजरोस ठेवली होती, कारण तो अर्ज तेलुगूत होता आणि बाबांना तेलुगू ऐकून कळतं, पण वाचता येत नाही. आमच्या घरात गुपित ठेवायला कुलूप लागत नाही. लिपी बदलली की झालं.

इकडे मालक रडकुंडीला आला होता. कुणीतरी त्याला रंगाचं कारण सांगितलं. त्या दिवसांत गावातला पेंटर म्हणजे मोठा माणूस होता. चार जिल्ह्यांचे फलक रंगवता रंगवता त्याला जेवायला फुरसत नव्हती. मालकानं त्याला गाठलं आणि अळी हिरवी करून घेतली. दुसऱ्या दिवशी कठड्यावर एकमत झालं, की गुलाबी शेंद्री गेली आणि हिरवी अमेरिकन बोंडअळी आली, ही तर तिच्याहून खादाड. मालकानं कपाळाला हात लावला. मी त्याला समजावलं, की आमच्याकडे सरकारंही अशीच बदलतात, मनाला लावून घेऊ नका.

शेवटी पेंटरनंच डोकं चालवलं. फलकांचा निळा रंग उरला होता, तो त्यानं अळीला फासला. शिंगं कापून टाकली. आणि हाताला सवय लागलेली, म्हणून चार डब्यांवर पांढऱ्या अक्षरांत, तेलुगूत आणि मराठीतही, चार जिल्हे लिहून टाकले. आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल, आसिफाबाद. अळीची आगगाडी झाली आणि त्या संध्याकाळी तिकिटाला रांग लागली. जो तो आपापल्या जिल्ह्यात बसायला भांडू लागला. निर्मलच्या हद्दीला लागून असलेल्या बोथची माणसं हट्टानं आदिलाबादच्या डब्यात घुसत होती. कागदावर ज्यांना जिल्हा नीट कळला नव्हता, त्यांना तो तिथे कळला.

बाबाही तयार झाले. अळी मेली, आता हरकत नाही, म्हणाले. धोतर आवरून, नातीचा हात धरून ते फलाटावर चढले. मी कठड्याबाहेर उभा. पहिला डबा रिकामाच होता आणि मुलगी तिकडेच ओढत होती. बाबा तो ओलांडून गेले. दुसराही ओलांडला. तिसऱ्यापाशी थांबले आणि तिला आत बसवलं.

मी ओरडून सांगितलं, "बाबा, पुढचा आपला डबा खाली हाय."

बाबा आत बसले. छातीपुढची दांडी त्यांनी ओढून घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो आपला कायचा? तू मांगून घेतला तो हा."

गाडी सुटली. मला खाली उभ्या उभ्या गरगरलं.

तीन फेऱ्या झाल्या. मुलगी किंचाळत होती, लोक हसत होते, आणि प्रत्येक फेरीला बाबा माझ्यासमोरून ताठ मानेनं जात होते, दांडी घट्ट धरून. त्यांना किती भीती वाटत होती ते मला दिसत होतं. नातीसाठी ते बसले होते. मला लाज वाटली. तिकीटवाल्यानं तेवढ्यात मला विचारलं, की खेळणं फॅमिलीचं आहे, मग तुम्ही बाहेर का उभे.

खाली उतरल्यावर मुलगी भज्यांच्या दुकानाकडे पळाली. मी विचारलं, कसं कळलं? बाबा धोतर झटकत राहिले. मग म्हणाले, कपाटातला कागद तिला दाखवला, वाच म्हटलं. शाळेत तेलुगू शिकते ना ती. तिनं घडघडा वाचून दाखवला. तिला काही समजलं नाही, मला समजलं.

मी बढतीचं सांगू लागलो, शाळेचं सांगू लागलो. बाबांनी ऐकून घेतलं. त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"काऊन खोटं बोलून राह्यला होता?" ते म्हणाले. "तुनं मले इचारलं असतं, तं मी आलो असतो."

पुढच्या सोमवारी आमचं सामान मंचेरियालच्या ट्रकमध्ये चढलं आणि बाबा बाजारहत्नूरच्या बसमध्ये. सरकारला मी तीन प्रतींत विचारलं होतं. बापाला एकदाही विचारलं नव्हतं.