माझं अडखळणं गेलेलं नाही

माझी चार वर्षांची मुलगी बोलताना अडखळते. रविवारी सगळे नाश्त्याला जमले होते, तेव्हा मी सांगितलं की उद्या तिला स्पीच थेरपिस्टकडे नेतोय. काकू हसली. "कशाला रे? हो जाएगा ठीक. तुझंही आपोआप गेलंच की!"

धाकट्या भावाचं गेलं, खरंच आपोआप गेलं. माझं नाही गेलं. मी फक्त अडणारे शब्द टाळायला शिकलो. 'प' अडतो म्हणून इंदुरात जन्म काढून ठेल्यावर कायम कचोरी मागत आलो. आणि घरचे खूश, पोरगा बरा झाला!

शेजारी बसलेल्या माझ्या मुलीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, अडली आणि मान खाली घालून गप्प बसली. माझं डोकंच फिरलं.

मी प्लेट पुढे केली. "काकू, प... प..."

"पोहे ना? घे."

"थांब. मला बोलू दे. प... प... पोहे वाढ."

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःची प्लेट उचलली. "मला पण प... प... प..."

तिचा शब्द पुरा करायची कोणाची हिंमत झाली नाही.